गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी इंग्रजांनी फुकट दिली नव्हती, नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी सहा वर्षं भांडले होते

लोणार तालुक्यातलं बीबी असू द्या नाहीतर मुंबईतलं बीकेसी. कुठल्याही सरकारी ऑफिसात, बँकेत, शाळेत गेलात की भिंतीवर एक पाटी दिसतेच. इथं धूम्रपान करायला मनाई आहे, केलं तर २०० रुपये दंड.

या पाटीमागे मोठी भानगड आहे. मुंबईचे माजी महापौर मुरली देवरा १९९९ मध्ये सुप्रीम कोर्टात गेले आणि सार्वजनिक ठिकाणच्या सिगारेट-बिडीवर बंदी घाला म्हणाले. नोव्हेंबर २००१ मध्ये कोर्टानं दवाखाने, शाळा, कोर्ट, सरकारी कचेऱ्या, रेल्वे अशा ठिकाणी बंदीचा आदेश दिला. २००३ मध्ये संसदेनं तंबाखूचा कायदा केला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून जे नियम लागू झाले त्यात खासगी कामाच्या जागाही आल्या.

म्हणजे बघा, जागा मालकाची, टेबल-खुर्ची मालकाची, पगारही तोच देणार. तरी सरकार आत येऊन सांगतं की तुझ्या चार भिंतींच्या आत काम करणाऱ्या माणसाच्या छातीत धूर जाता कामा नये.

आज यात कुणाला वावगं वाटत नाही. पण १८८० च्या आसपास असं काही बोलणारा माणूस वेड्यात निघाला असता. गिरणी मालकाची आहे, तिथं किती तास काम चालतं, आतल्या हवेत काय उडतं, कुणाचा हात यंत्रात गेला, यात सरकारनं पडायचं कारणच काय, असा तेव्हाचा हिशोब होता. मुंबईत बसून हा हिशोब मोडायला निघालेल्या माणसाचं नाव नारायण मेघाजी लोखंडे. भारतातल्या कामगार चळवळीचे जनक म्हणून ज्यांचं नाव स्पर्धा परीक्षेत एका मार्काला विचारतात, तेच.

लोखंडेंचा जन्म १८४८ चा, ठाण्यातला. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेडजवळच्या कन्हेरसरचं. समाजानं फुलमाळी. पोटापाण्यासाठी वडील ठाण्याला आले आणि तिथलेच झाले. घरची परिस्थिती बेताची, त्यामुळं शिक्षण फार पुढं गेलं नाही. पण लिहिता-वाचता येणारा पोरगा त्या काळात नोकरीविना राहत नव्हता. लोखंडेंनी रेल्वेत नोकरी केली, टपाल खात्यात केली आणि शेवटी मुंबईच्या मांडवीतल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले.

ही शेवटची नोकरी महत्त्वाची. स्टोअरकीपर म्हणजे ना मालक ना मजूर. कारकुनी काम, पगार बरा, अंगावर कापूस पडत नाही. पण दिवसभर गिरणीत वावर असल्यामुळं आत काय चाललंय ते सगळं दिसतं. लोखंडेंनी तिथं जे बघितलं ते पुढं आयुष्यभर त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

तर आत काय चाललं होतं?

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५० च्या दशकात कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढली. पुढच्या २५-३० वर्षांत गिरण्यांची रांगच लागली. गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते, त्यामुळं काम सूर्यावर चालायचं. उजाडलं की भोंगा, अंधार पडला की सुट्टी. थंडीत दिवस लहान म्हणून जरा बरं, पण उन्हाळ्यात हेच काम १३-१४ तासांवर जायचं. मधे जेवायची ठरलेली सुट्टी नाही. यंत्र चालूच असायचं, कामगार आळीपाळीनं बाजूला होऊन भाकरी खायचे.

आणि हवा. सूत कोरड्या हवेत तुटतं. ते तुटू नये म्हणून गिरणीत खिडक्या लावून घेऊन आत दमटपणा ठेवला जायचा. कापूस पिंजताना, कातताना उडणारी बारीक धूळ मग जाणार कुठं? ती तिथंच तरंगायची आणि श्वासातून आत जायची. वर्षानुवर्षं ही धूळ छातीत गेली की दम लागतो, खोकला सुटत नाही. डॉक्टर आज या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. तेव्हा असलं काही नाव कामगाराला माहीत नव्हतं.

रविवारी यंत्रं बंद असली तरी ती पुसायला, साफ करायला कामगाराला यावं लागायचं. पगार महिना उलटून गेला तरी हातात पडायचा नाही. तोवर वाणी आणि सावकार होतेच. आणि यंत्रात हात गेला, पाय गेला, तर माणूस घरी आणि विषय संपला.

हा कापूस यायचा कुठून? बराचसा आपल्याकडून. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होता आणि १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तोही कापसासाठीच. बुलढाण्याच्या काळ्या मातीतला कापूस खामगावच्या बाजारातून रेल्वेत बसून मुंबईला जायचा. म्हणजे लोखंडेंच्या गिरणीत जी धूळ उडत होती, तिच्यात वऱ्हाडचाही वाटा असणार.

गिरणीत नोकरी करता करता लोखंडे दुसऱ्या एका माणसाच्या नादी लागले होते. जोतीराव फुले. १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज निघाला आणि लोखंडे त्याचे मुंबईतले बिनीचे कार्यकर्ते झाले. समाजाची बाजू मांडणारं दीनबंधु हे वृत्तपत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलं होतं. पैशाअभावी ते चालेना. १८८० मध्ये लोखंडेंनी ते मुंबईला आणलं, संपादक झाले आणि मरेपर्यंत चालवलं.

दीनबंधु हातात आल्यावर गिरणीतली गाऱ्हाणी छापून येऊ लागली. शेतकऱ्याचं पोर गिरणीत गेलं म्हणून त्याचे हाल संपत नाहीत, हे सत्यशोधकांच्या लिखाणात आणण्याचं काम मोठ्या प्रमाणात लोखंडेंचं.

पण फुले आणि लोखंडे यांचं सगळं गोडीगुलाबीचं होतं असं समजू नका. १८८३ मध्ये फुल्यांनी शेतकऱ्याचा असूड लिहिला. पहिली दोन प्रकरणं दीनबंधुत आली आणि पुढची लोखंडेंनी छापलीच नाहीत. भाषा फार जहाल आहे, सरकारचा रोष ओढवेल, असं त्यांना वाटलं. फुले भडकले. भेकड संपादक म्हणून त्यांनी लोखंडेंना असूडातच चपराक लगावली. लोखंडेंच्या गौरवाच्या भाषणांत हा किस्सा सहसा येत नाही, पण माणूस कळायला तो लागतोच. लोखंडे सरकारला शिंगावर घेणारे नव्हते. अर्ज, सभा, सह्या, कमिशनपुढं साक्ष ही त्यांची हत्यारं. फुल्यांना ती बोथट वाटली असतील, पण पुढं कामाला आली ती हीच. दोघांचं नातंही तुटलं नाही. ११ मे १८८८ ला मांडवीच्या कोळीवाड्यात जोतीरावांना महात्मा ही पदवी दिली गेली, त्या सत्काराच्या खटपटीत लोखंडे पुढं होते.

आता कायद्याकडं येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे.

भारतातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्यासाठी मुंबईत सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी बरीच धडपड केली. पण कायदा आला तो अगदीच मिळमिळीत. १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्यालाच लागू. ७ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही आणि ७ ते १२ वयाच्या मुलांना दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. म्हणजे सात वर्षांचं पोर नऊ तास चालेल. मोठ्या माणसांसाठी, बायकांसाठी कामाच्या तासांबद्दल एक अक्षर नाही.

त्यात आणखी एक पळवाट होती. वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने कायद्यातून बाहेर. हंगामी जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारे कारखाने, या पळवाटेतून सुटले. खानदेशातल्या जिनिंगमध्ये हंगामात बायका दिवस-रात्र राबतात, अशी माहिती पुढं सरकारी चौकशीतच बाहेर आली.

बरं, कायदा कडक करायला विरोध फक्त मालकांचा होता का? नाही. बहुतेक राष्ट्रवादी वृत्तपत्रंसुद्धा विरोधात होती. आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मुंबईच्या गिरण्या इंग्लंडच्या मँचेस्टरला टक्कर द्यायला लागल्या होत्या. मुंबईत कामाचे तास कमी झाले की माल महागणार आणि फायदा मँचेस्टरला होणार. तिथले गिरणीवाले त्यामुळंच भारतीय कामगाराच्या नावानं गळा काढत होते. देशी धंदा वाचवायचा तर असल्या कायद्याला विरोध करायला हवा, असं भल्याभल्यांना वाटत होतं.

लोखंडे इथं अडचणीत होते. कायदा मागितला तर मँचेस्टरचा हस्तक म्हणून शिक्का बसणार. गप्प बसावं तर गिरणीतला माणूस तसाच मरणार. लोखंडेंनी कायदा मागितला. देशी मालक असला म्हणून १४ तासांचे १२ तास होत नाहीत, एवढी साधी गोष्ट त्यांना गिरणीत राहून कळली होती.

१८८४ मध्ये मुंबई सरकारनं कायद्याचा फेरविचार करायला कमिशन नेमलं. कमिशनपुढं मालक बोलणार, साहेब बोलणार, डॉक्टर बोलणार. कामगारांना विचारणार कोण? 

सप्टेंबर १८८४ मध्ये लोखंडेंनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. दिवसभर राबून आलेली माणसं सभेला आली. तिथं मागण्या ठरल्या आणि त्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांची नावं पडली. ऑक्टोबरमध्ये अर्ज कमिशनपुढं गेला. मागण्या पाच. दर रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. आणि पाचवी सगळ्यात पुढची होती. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अधू झाला तर जन्मभराची पोटगी.

कामावरच्या अपघाताची भरपाई भारतात कायद्यानं मिळाली १९२३ मध्ये. म्हणजे या अर्जानंतर ३९ वर्षांनी.

या सभांमधूनच बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन उभी राहिली, अध्यक्ष लोखंडे. हिला भारतातली पहिली कामगार संघटना म्हणतात. पण आज आपण युनियन म्हणतो तसलं काही डोळ्यांपुढं आणू नका. तिची सभासद यादी नव्हती, वर्गणी नव्हती, लिहिलेले नियम नव्हते, शिल्लक तर नव्हतीच. दीनबंधुचं ऑफिस आणि तिथं बसलेले लोखंडे, हीच संघटना. कुणाचा पगार कापला, कुणाला मुकादमानं मारलं, की कामगार तिथं जायचा आणि लोखंडे अर्ज लिहून द्यायचे. काही अभ्यासक यामुळं तिला संघटना मानायलाच तयार नसतात. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं बरोबरही असेल, पण पाच हजार सह्या कागदावर आपोआप पडत नसतात.

कमिशननं काय केलं? अहवाल दिला. सरकारनं तो ठेवून दिला. वर्षं गेली.

मधल्या काळात लोखंडे थांबले नव्हते, सभा आणि अर्ज चालूच होते. मग उजाडलं १८९०. २४ एप्रिलला महालक्ष्मीला रेसकोर्सच्या मैदानात कामगारांची सभा भरली. सुमारे दहा हजार माणसं. लाऊडस्पीकर नव्हता, मोबाईल तर सोडाच, चाळीचाळीतून तोंडी निरोप जाऊन ही गर्दी झाली होती. या सभेत दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. १८९० मध्ये, दहा हजार लोकांपुढं. त्यांची नावं लोखंडेंच्या नावासारखी कुणी पाठ करत नाही, एवढंच.

सभेनं मागणी एकच धरली, रविवारची सुट्टी. अर्ज थेट गिरणी मालकांच्या संघाकडं गेला. आणि १० जून १८९० ला मालकांच्या संघानं ती मान्य केली. मालकांचं मन एकदम द्रवलं असं मानायचं कारण नाही. दहा हजारांची गर्दी त्यांनी पाहिली होती आणि नवा कायदा येणार हेही त्यांना दिसत होतं. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून कामगारांनाही तोच हवा होता, अशी गोष्ट आजही सांगितली जाते.

त्याच वर्षी भारत सरकारनं नवं फॅक्टरी कमिशन नेमलं. यावेळी मुंबईपुरते कामगारांच्या बाजूनं लोखंडे स्वतः कमिशनसोबत बसले. सहा वर्षांपूर्वी बाहेर उभं राहून अर्ज देणारा माणूस आता आत होता. मार्च १८९१ मध्ये कायदा मंजूर झाला आणि १८९२ च्या सुरुवातीपासून लागू झाला. आठवड्याला एक सुट्टी आता मालकाच्या मर्जीवर राहिली नाही. दुपारी अर्धा तास काम बंद. बायकांना जास्तीत जास्त ११ तास. मुलांचं किमान वय ७ वरून ९ आणि १४ वर्षांपर्यंतच्या मुलांना ७ तासांची मर्यादा. १०० कामगारांची अट ५० वर आली.

मोठ्या पुरुषांच्या तासांवर मात्र काहीच नाही. लोखंडेंना मिळालं ते अर्धंमुर्धंच.

त्याच १८९० मध्ये लोखंडेंनी आणखी एक काम केलं होतं. विधवा बाईचं केशवपन करायचं तर वस्तरा न्हाव्याच्या हातात. लोखंडे न्हावी मंडळींनाच भेटले. मुंबईत त्यांची सभा झाली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं तिथं ठरलं. शास्त्र काढून वाद घालणाऱ्यांशी वाद घालत बसण्यापेक्षा ज्याच्या हातून काम होतं त्यालाच संपावर न्यायचं, ही कल्पना गिरणीतल्या माणसालाच सुचावी.

ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल पेटली. गिरणगावातली माणसं एकमेकांवर उठली. लोखंडे दोन्ही बाजूंच्या मोहल्ल्यांत, चाळींत फिरले आणि भायखळ्याच्या राणीच्या बागेत एकोप्याची सभा घडवून आणली. १८९५ मध्ये सरकारनं त्यांना रावबहादूर केलं. सरकारी पदव्यांवर फुल्यांनी आयुष्यभर कोरडे ओढले होते, पण ते १८९० मध्येच गेले होते. असते तर या रावबहादुराला त्यांनी काय सुनावलं असतं याचा अंदाज करता येतो.

१८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत प्लेग आला. मांडवी हा त्याचा पहिला तडाखा बसलेला भाग. ज्याला शक्य होतं तो शहर सोडून पळाला, गिरण्या ओस पडायला लागल्या. सरकारी दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही अशी धास्ती असल्यानं लोक आजारी माणसं घरात लपवत होते. अशा वेळी लोखंडेंनी आपल्या लोकांसाठी प्लेगचं हॉस्पिटल उभं केलं आणि स्वतः तिथं राबले. ९ फेब्रुवारी १८९७ ला त्याच प्लेगनं ते गेले. वय पन्नाशीच्याही आत. सावित्रीबाई फुलेही पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना पुढच्याच महिन्यात गेल्या.

लोखंडे गेले आणि त्यांच्याबरोबर बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनही थांबली. यादी नव्हती, फंड नव्हता, मग पुढं चालवायचं काय? मुंबईच्या गिरणी कामगारांची मोठी, सभासद-वर्गणीवाली युनियन उभी राहायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. लोखंडेंचं नाव तोवर बरंच पुसलं गेलं होतं. सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं ते २००५ मध्ये. परळला कामगार कायदे शिकवणारी सरकारी संस्था आता त्यांच्या नावानं आहे, १८८४ च्या सभा झाल्या त्याच भागात.

पुरुषांच्या कामाला १२ तासांची मर्यादा घालणारा कायदा आला १९११ मध्ये, तोही कापड गिरण्यांपुरता. त्याच कायद्यानं हंगामी कारखान्यांची पळवाट बुजवली, आणि चार महिने चालणाऱ्या जिनिंगमध्ये सरकी काढत बसलेल्या बायका पहिल्यांदा कायद्याच्या आत आल्या. लोखंडेंना जाऊन तेव्हा १४ वर्षं झाली होती.